कोर्टाची पायरी आणि मागचा बाक

(कुम्हारी, जि. दुर्ग, छत्तीसगड इथे पदवीच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मराठीत एक म्हण आहे: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी भंडारा, गोंदिया, नागपूरकडून भिलाईच्या कारखान्यात कामाला येताना भांड्याकुंड्यांबरोबर ही म्हणही आणली असणार. घरात कोणी रागाने "कोर्टात खेचतो" म्हणालं, की म्हातारी माणसं हीच म्हण काढतात. तिच्यामागे अनुभव आहे. तारखेवर तारीख, बुडालेली रोजी, वकिलाची फी, गहाण पडलेली जमीन, हे सगळं आपल्या लोकांनी पाहिलेलं आहे. म्हणून मी तिला हसणार नाही.

पण एक प्रश्न विचारते. ही म्हण कोणाला परवडते? ज्याच्या हातात गावाची पंचायत होती, पाटीलकी होती, सावकारी होती, त्याला कोर्टात जायची गरज नव्हती. त्याचा निवाडा चावडीवर त्याच्याच बाजूने होत होता. आणि चावडी हातातून निसटली, तेव्हा हेच लोक सगळ्यात आधी कोर्टाची पायरी चढले. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे आपल्या घरातलं लहान मूलही सांगेल. पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद ठरली होती. तिच्या सुमारे दोन आठवडे आधी, १२ डिसेंबरला, महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. दोन दिवसांत त्यांनी तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. म्हणजे शहाणे लोक पायरी चढले होते, आणि बाबासाहेब तिथे प्रतिवादी होते.

वादींचं म्हणणं दोन मुद्द्यांवर उभं होतं. एक, तळं खाजगी मालकीचं आहे. दोन, अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचं नाही अशी अनादी काळापासून रूढी आहे. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात वादी हरले. ठाण्याच्या जिल्हा कोर्टात अपील केलं, तिथे १९३३ मध्ये हरले. मग मुंबई हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी तेही अपील फेटाळलं. पाणी प्यायल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते.

वादी का हरले, ते नीट ऐका. अस्पृश्यता वाईट आहे म्हणून काही हायकोर्टाने निकाल दिला नाही. निकाल पुराव्यावर गेला. रूढी अनादी काळापासूनची आहे असं म्हणता, तर ते सिद्ध करा, असं कोर्ट म्हणालं, आणि वादींना ते सिद्ध करता आलं नाही. गावात ज्या गोष्टीचा पुरावा मागायची कोणाची छाती नव्हती, तिचा पुरावा कोर्टाच्या टेबलावर ठेवावा लागला, आणि तो कमी पडला.

आजचं माझं सगळं बोलणं याच टेबलाबद्दल आहे. तिथे काय ठेवलं जातं, कोण ठेवतं, आणि ठेवताना काय गळून पडतं, हे तुम्ही स्वतः जाऊन पाहा, एवढंच सांगायला मी आले आहे. केस करायला जाऊ नका, वकील म्हणूनही जाऊ नका. आधी नुसतं मागच्या बाकावर जाऊन बसा.

पहिली शंका मला ठाऊक आहे. "आम्हाला आत सोडतील का?" आपल्या घरातली पहिली पदवीधर पिढी कोणत्याही मोठ्या इमारतीच्या दारात हाच प्रश्न घेऊन उभी राहते. बँक, विद्यापीठ, कलेक्टर ऑफिस, सगळीकडे. कोर्टाच्या बाबतीत उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२७ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ सांगतं, की फौजदारी खटला जिथे चालतो ती जागा खुलं न्यायालय मानली जाईल आणि जागा पुरेल तेवढ्या लोकांना तिथे येता येईल. दिवाणी कोर्टासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १५३-ख आहे. मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या मिरजकर प्रकरणात १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानेही खुल्या सुनावणीचं तत्त्व मान्य केलं, आणि न्यायासाठी गरज पडली तर न्यायाधीश त्याला मर्यादा घालू शकतो असंही सांगितलं.

या मर्यादा माहीत असू द्या. बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात. लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचे, म्हणजे पॉक्सोचे खटलेही तसेच. बाल न्याय मंडळासमोर प्रेक्षक नसतात. इतर प्रकरणांतही न्यायाधीश कोणाला बाहेर जायला सांगू शकतात. सांगितलं तर वाद न घालता उठायचं. बाकी ठिकाणी बसणं हा कोणाचा उपकार नाही. कोणी विचारलं तर सरळ सांगायचं: "विद्यार्थी हूं, कार्यवाही देखने आया हूं." इंग्रजीची गरज नाही, काळ्या कोटाची गरज नाही. समोरच्या खुर्च्या वकिलांच्या असतात, त्या सोडून मागे बसायचं. न्यायाधीश आले की उभं राहायचं. मोबाईल बंद. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. वही आणि पेन सोबत ठेवायचं.

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी तर हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत दोन खटल्यांचं निरीक्षण, एक दिवाणी आणि एक फौजदारी, आणि त्याची नोंदवही असं ठरवून दिलं आहे. त्याला ३० गुण आहेत. अनेक ठिकाणी या नोंदवह्या कशा तयार होतात, ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. मागच्या वर्षीची वही आणायची, नावं बदलायची, उतरवून काढायची. ज्याचे वडील वकील आहेत, त्याचं यात काही बिघडत नाही. त्याने कोर्ट घरातल्या जेवणाच्या ताटावर ऐकलेलं असतं. आपण वही उतरवली, की आपल्या हातून कोर्ट बघायची एकमेव फुकट संधी जाते.

आणखी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या महत्त्वाच्या सुनावण्या आज तुम्ही मोबाईलवर पाहता. त्याचं दार उघडणाऱ्या याचिकांपैकी एक स्वप्निल त्रिपाठी या कायद्याच्या विद्यार्थ्याची होती. ठरावीक दिवशी इंटर्न विद्यार्थ्यांना कोर्टरूममध्ये सोडत नाहीत, ही त्याची अडचण होती. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये घटनापीठाच्या सुनावण्या लोकांना दिसू लागल्या. पण मोबाईलवर दिसतो तो मुख्यतः वकिलांचा युक्तिवाद. साक्षीदार तिथे दिसत नाही. साक्षीदार बघायचा असेल तर दुर्गला जावं लागेल.

कुम्हारीहून लोकलमध्ये बसलात की भिलाई, पॉवर हाउस, भिलाई नगर आणि मग दुर्ग. या जिल्ह्याची अपीलं एकेकाळी नागपूरच्या हायकोर्टात जात होती, कारण १९५६ पर्यंत दुर्ग ज्या राज्यात होतं, त्याची राजधानी नागपूर होती. नंतर ती जबलपूरला जाऊ लागली. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं, तेव्हापासून बिलासपूरला जातात. वरचं कोर्ट दोनदा बदललं. साक्षीदार मात्र तेव्हाही दुर्गलाच उभा राहत होता आणि आजही तिथेच उभा राहतो.

याच दुर्गच्या कोर्टात या भागातला सगळ्यात गाजलेला खटला चालला. छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांना २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झोपेत गोळी घातली गेली. तपास सीबीआयने केला. १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवलं. गोळी झाडणाऱ्याला फाशी आणि पाच जणांना जन्मठेप झाली, त्यात उद्योगपतीही होते. १९९८ मध्ये जबलपूर हायकोर्टाने सगळ्यांना सोडलं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकाला दोषी धरून जन्मठेप दिली. बाकीच्यांची सुटका कायम राहिली.

कोणता निकाल बरोबर, हा आजचा विषय नाही. विद्यार्थी म्हणून एवढं बघा, की तीन कोर्टांनी तीन वेगळे निकाल दिले आणि तिघांसमोर पुरावा दुर्गमध्ये नोंदलेलाच होता. अपिलात साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. जबलपूर आणि दिल्लीला कागद जातात. साक्षीदाराचा आवाज कापत होता का, तो कोणाकडे बघून थांबला, उत्तर देताना रडला का, यातलं जे खाली लिहिलं गेलं तेवढंच वर पोचतं. आपल्या जिवाला धोका आहे असं नियोगींनी मृत्यूपूर्वी टेपवर बोलून ठेवलं होतं. त्या आवाजाला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं, यावरही कोर्टात वाद झाला. स्वतःच्या मरणाबद्दल माणूस आधी बोलून गेला, तरी ते बोलणं पुरावा होतं की नाही, हे कायद्याच्या चाळणीतून जाऊनच ठरतं.

म्हणून मागच्या बाकावर बसाल तेव्हा बोलणं कागदावर कसं उतरतं, तिकडे लक्ष ठेवा.

तिथे काय होतं ते सांगते. पट्टेवाला पुकारा करतो. साक्षीदार आत येतो, शपथ घेतो. आधी सरकारी वकील विचारतो, तो सरतपास. मग आरोपीचा वकील विचारतो, तो उलटतपास. इकडच्या हिंदीत यांना मुख्य परीक्षण आणि प्रतिपरीक्षण म्हणतात. आपली "तारीख" इथे "पेशी" होते, पोलिसांचा "तपास" इथे "विवेचना", "फितूर" साक्षीदार इथे "पक्षद्रोही", आणि कागदावर पडणारी "निशाणी" इथे "प्रदर्श". घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी अशा तीन भाषा वापरणाऱ्या तुम्हा मुलांना कोर्टातली ही भाषांतरं दुसऱ्या कोणाहीपेक्षा लवकर दिसतील.

साक्षीदार छत्तीसगढीत बोलतो. वकील हिंदीत विचारतो. न्यायाधीश ऐकतात आणि स्टेनोला किंवा टायपिस्टला सांगतात, ती कोर्टाची हिंदी असते. प्रकरण बिलासपूरला गेलं, की निकाल बहुतेक वेळा इंग्रजीत येतो. मोहाडीकडची झाडीबोली बोलणारी बाई भंडाऱ्याच्या कोर्टात उभी राहिली, तरी तिचीही हीच गत. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं.

शिवाय, सत्र न्यायालयात साक्ष सहसा कथनाच्या रूपात लिहिली जाते. म्हणजे प्रश्न लिहिला जात नाही, उत्तरच लिहिलं जातं. समजा वकिलाने विचारलं, "तू सरकारी मदतीच्या पैशासाठी खोटी तक्रार केलीस ना?" बाई उसळून म्हणाली, "पैसे काय करायचे साहेब, माझ्या पोराचा हात मोडला त्यांनी, विहिरीवर सगळ्यांसमोर." कागदावर येतं: "मी पैशांसाठी खोटी तक्रार केली असे म्हणणे खरे नाही." बाईने जे सांगितलं, त्यातली विहीर गेली, "सगळ्यांसमोर" गेलं, हात गेला. राहिला तो वकिलाचा आरोप आणि त्याला एका शब्दाचा नकार. आता बघा, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जातीवरून अपमानाचा गुन्हा सिद्ध व्हायला तो लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे. "सगळ्यांसमोर" हे दोन सेकंदांचं बोलणं कागदावर आलं की नाही, यावर सगळा खटला अडू शकतो.

यावर कायद्यात उपाय आहे. साक्ष लिहून झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि चूक असेल तर दुरुस्त करायची. जुन्या संहितेत हे कलम २७८ होतं, नव्या संहितेतही ही तरतूद आहे. तुम्ही बघा, वाचून दाखवलं जातं का? साक्षीदाराला कळेल अशा भाषेत आणि वेगात? की फक्त बोट दाखवून "यहां दस्तखत करो" म्हणतात? कोणावर आरोप करायला हे बघायचं नाही. एकेका कोर्टाच्या बोर्डावर कितीतरी प्रकरणं असतात, न्यायाधीशालाही श्वास घ्यायला वेळ नसतो. पण तुमच्या काकूला किंवा शेजाऱ्याला उद्या साक्ष द्यायला जायचं असेल, तेव्हा "वाचून दाखवा म्हणून सांग, तो तुझा हक्क आहे" हे सांगणारं कोणीतरी घरात पाहिजे. ते कोणीतरी तुम्ही आहात.

जात कागदावरून कशी गळते, याचं सगळ्यात जड उदाहरण याच रेल्वेमार्गावर आहे. दुर्गहून नागपूरकडे निघालात की गोंदिया ओलांडल्यावर भंडारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी ठरवलं. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कैदेत बदलली. आणि दोन्ही कोर्टांनी अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. हत्या जातीमुळे झाली हे सिद्ध होत नाही, ती आधीच्या मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिल्याच्या सुडातून झाली, असं मानलं गेलं.

हे तुम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून नीट वाचा. राग सगळ्यांनाच येतो, पण रागाच्या पुढे जाऊन प्रश्न विचारा. एका दलित बाईने साक्ष दिली म्हणून गावाने सूड घेतला, तर त्या सुडात जात कुठे होती? दुसऱ्या जातीच्या बाईने साक्ष दिली असती, तर गावाने हेच केलं असतं का? आपल्याला हे उघड दिसतं. पण तेव्हाच्या कायद्यात शब्द होते, की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे "या कारणावरून" गुन्हा झाला पाहिजे. मनातलं कारण साक्षीपुराव्याने दाखवायचं कसं? चळवळीने वर्षानुवर्षं हा प्रश्न लावून धरला. २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे "माहीत असताना" गुन्हा केला, एवढं पुरतं. रस्त्यावरच्या लोकांचा संताप कायद्याच्या एका शब्दापर्यंत पोचला, कारण निकाल वाचून नेमकं कुठे अडलं ते सांगणारे लोक आपल्यात होते.

त्याच दुरुस्तीने कलम १५-क आणलं. जामिनासकट प्रत्येक सुनावणीची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, या कायद्याखालच्या कार्यवाहीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग झालं पाहिजे. २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सूचना देणं आणि ऐकून घेणं बंधनकारक आहे. १९९५ च्या नियमांत पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च आणि दैनिक भत्ता देण्याची तरतूद आहे. तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, हेही त्यातच आहे. कागदावर हे सगळं आहे. कोर्टात होतं का, हे कोणी मोजायचं? महिन्यातून दोन दिवस मागच्या बाकावर बसणारी दहा मुलं असतील, तर मोजता येईल.

म्हणून वहीत काय लिहायचं ते सांगते. तारीख आणि कोर्ट. प्रकरण कितीला पुकारलं आणि किती मिनिटं चाललं. साक्षीदार कोणत्या भाषेत बोलला, नोंद कोणत्या भाषेत झाली. साक्ष वाचून दाखवली का. अ‍ॅट्रॉसिटीचं प्रकरण असेल तर पीडित हजर होता का, त्याला कोणी काही विचारलं का, रेकॉर्डिंगचा कॅमेरा दिसला का. जातीचा दाखला रेकॉर्डवर आला का. पुढची तारीख का पडली: साक्षीदार नाही, वकील नाही, की वेळ नाही? एवढंच. मत लिहायचं असेल तर वेगळ्या पानावर लिहा. पाहिलेलं आणि वाटलेलं एका ओळीत मिसळू नका, कोर्ट तुम्हाला सगळ्यात आधी हीच शिस्त शिकवेल.

जातीच्या दाखल्यावर इथे थोडं थांबते, कारण भिलाईच्या मराठी घरांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख मानली जाते. कारखान्याचा करार १९५५ चा. जे त्यानंतर आले, त्यांच्या मुलांना दाखल्यासाठी पुन्हा आजोबांच्या गावाला जावं लागतं, कोतवाल बुकातली नोंद शोधावी लागते. म्हणजे कागद काय करू शकतो, हे तुम्ही कोर्टात जाण्याआधीच शिकलेले आहात. आपल्याकडे जमिनीचे कागद नव्हते, शाळेचे कागद नव्हते. आता पदवीचा कागद आहे. तो वाचणारी आणि लिहिणारी पहिली पिढी तुम्ही आहात, आणि कोर्ट ही कागद वाचणाऱ्यांची जागा आहे.

काही सावधगिरी. बाहेर साक्षीदाराशी खटल्याबद्दल बोलू नका. तुम्ही चांगल्या मनाने धीर द्यायला जाल, आणि उलटतपासात त्याला विचारतील, "काल ती मुलं तुला काय शिकवत होती?" पीडितेचं नाव मोबाईलवर टाकू नका. लैंगिक गुन्ह्यात तो स्वतःच गुन्हा आहे. आरोपीचे नातेवाईक शेजारी बसलेले असतील, तर शांत बसा. एकट्याने जाऊ नका, दोघातिघांनी जा. आणि मुलींनो, घरून "कोर्टात मुलींचं काय काम" असं म्हणतील, तेव्हा सांगा, की साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या बायकाच उभ्या राहिल्या आहेत.

कंटाळा येईल. चैतन्य ताम्हाणेंचा २०१४ चा "कोर्ट" सिनेमा बघा. नागपूरचे आपले वीरा साथीदार त्यात लोकशाहिराच्या भूमिकेत आहेत. टेबलावर मूठ आपटणारा कोणी वकील त्यात नाही. तारखा आहेत, जुन्या कायद्यांची कलमं आहेत, आळसावलेली दुपार आहे. खरं कोर्ट तसंच असतं, आणि अन्यायही बऱ्याचदा तशाच कंटाळवाण्या दुपारी, कोणाचं लक्ष नसताना होऊन जातो.

कोणी म्हणेल, आता आपली माणसं वर पोचली आहेत. खरं आहे. मे २०२५ मध्ये अमरावतीचे भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले, त्या पदावरचे पहिले बौद्ध. आपल्या घराघरात आनंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्याच कोर्टात एका वकिलाने त्यांच्यावर बूट फेकण्याचा प्रयत्न केला, हेही आपण पाहिलं. वरच्या खुर्चीत आपला माणूस असणं महत्त्वाचं आहे. पण दुर्गच्या कोर्टात उद्या सकाळी साक्ष देणाऱ्या बाईचं वाक्य तिथेच लिहिलं जाणार आहे, त्या खोलीत कोण बसलं आहे यालाही तितकीच किंमत आहे.

ज्यांना न्यायाधीश व्हायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ज्याच्या घरात वकिली आहे, त्याला ती तीन वर्षं सोपी. आपल्या मुलांना ती पगाराविना, ओळखीविना काढावी लागतील. ही अट न्याय्य आहे का, यावर वेगळं बोलू. पण ती आहे तोवर, शिकत असतानाच दोन वर्षं कोर्टात बसलेल्या मुलीला पहिल्या दिवशी बोर्ड कसा वाचायचा हे विचारावं लागणार नाही. आणि तुमच्यातले जे कायदा शिकत नाहीत, बी.ए., बी.कॉम. करतात, त्यांच्यासाठी एवढं: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा नंबर लिहून घ्या आणि आपल्या वस्तीत सांगा.

सुरुवात कशी करायची? ई-कोर्ट्सच्या ॲपवर दुर्ग जिल्हा काढा, उद्याचा बोर्ड दिसेल. "साक्ष्य" असं लिहिलेलं एखादं प्रकरण निवडा. त्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर वहीत लिहा, म्हणजे पुढच्या तारखा घरबसल्या कळत राहतील. एकच खटला धरा आणि निकाल लागेपर्यंत सोडू नका. दहा खटल्यांचा एकेक तुकडा बघण्यापेक्षा ते जास्त शिकवेल. तुमची पदवी होईल, कदाचित नोकरीही लागेल, आणि खटला चालूच असेल. तरी तारखेला कोणीतरी जाऊन बसा, वही पुढच्या मुलाच्या हातात द्या.

येत्या सोमवारी तुमच्यापैकी तिघं जरी गेले, तरी मी इथे आले त्याचं चीज झालं. जाऊन आल्यावर काय पाहिलं ते घरी जेवताना सांगा. आपल्या ताटावरही कोर्टाच्या गोष्टी होऊ द्या.

जय भीम. जय संविधान.